कालबाह्य कोण ठरवणार?
जुने संगणक, हलकी लिनक्स आणि चाचणीचे श्रम

जुन्या संगणकांवर चालेल अशी हलकी लिनक्स कार्यप्रणाली प्रसिद्ध होण्यापूर्वी अनेक देशांतील स्वयंसेवक तिच्या स्थापना-प्रती आपापल्या यंत्रांवर बसवून पाहतात, दोष नोंदवतात आणि दुरुस्त झालेली प्रत पुन्हा पहिल्यापासून बसवून पाहतात. या कामाचा विषय आपल्या साथींत निघाला की दोन परस्परविरोधी मते हमखास ऐकू येतात. पहिले मत असे की, हा फावला वेळ असलेल्या मध्यमवर्गीय तरुणांचा छंद आहे आणि कामगारवर्गाच्या चळवळीला त्याच्याशी काही कर्तव्य नाही. दुसरे मत नेमके उलट टोकाचे आहे. हे स्वयंसेवक म्हणजे मोठ्या कंपन्यांचे बिनपगारी वेठबिगार असून त्यांच्यात सामील होणे म्हणजे भांडवलाला फुकटचे श्रम वाहणे होय, असे ते सांगते. चळवळीबाहेर उदारमतवादी पंडितांचे तिसरेही एक मत आहे. त्यांच्या लेखी येथे मालक नाही, मजूर नाही, केवळ परस्परांना दिलेली देणगी आहे. म्हणजे वर्गसंघर्ष इतिहासजमा झाल्याचा हा जणू पुरावाच!

ही तिन्ही मते चुकीची आहेत आणि त्यांच्या मुळाशी एकच चूक आहे. चाचणी हे श्रम आहेत आणि कोणते यंत्र चालू राहील व कोणते मोडीत जाईल याचा निर्णय शेवटी या श्रमांच्या उपलब्धतेवर अवलंबून असतो, ही गोष्ट तिघांच्याही नजरेतून सुटते. ज्यांची यंत्रे तपासायला कोणी उभे राहत नाही, त्यांची यंत्रे वगळली जातात. प्रश्न छंदाचा नाही, दानाचाही नाही. उत्पादनाच्या साधनाचे आयुष्य कोणी ठरवायचे, हा तो प्रश्न आहे.

यंत्राची तिसरी झीज

मार्क्सने ‘कॅपिटल’मध्ये यंत्राच्या झिजेचे दोन प्रकार सांगितले आहेत. एक भौतिक झीज, म्हणजे वापराने किंवा पडून राहिल्याने होणारी. दुसरीला त्याने नैतिक झीज म्हटले. तेच यंत्र अधिक स्वस्तात बनू लागले किंवा अधिक चांगले यंत्र बाजारात आले की धडधाकट यंत्राचेही मूल्य उतरते, ती ही झीज. आपल्या काळातील मक्तेदारीने यात तिसऱ्या प्रकाराची भर घातली आहे. यंत्र झिजलेले नसते, समोरचे काम करायला ते पुरेसे असते. पण ज्या कार्यप्रणालीवर ते चालते तिची मालक कंपनी एक तारीख जाहीर करते आणि त्या तारखेला ते यंत्र ‘कालबाह्य’ ठरते.

अशी एक तारीख होती १४ ऑक्टोबर २०२५. त्या दिवशी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे सर्वसाधारण साहाय्य थांबवले. २०२१ साली आलेल्या विंडोज ११ साठी कंपनीने टीपीएम २.० ही सुरक्षा-चकती आणि ठरावीक पिढीच्या पुढचा प्रोसेसर सक्तीचा केला होता. इंटेलच्या बाबतीत ही रेषा ढोबळमानाने आठव्या पिढीवर, म्हणजे २०१७ च्या आसपासच्या यंत्रांवर आखली गेली. त्याआधीच्या कोट्यवधी संगणकांना पुढचा अधिकृत रस्ता बंद झाला. कॅनालिस या बाजार-निरीक्षण संस्थेने डिसेंबर २०२३ मध्ये अशा सुमारे २४ कोटी संगणकांचा कचरा होईल, असा अंदाज वर्तवला होता.

मालकांच्या अपरिहार्यतेचा बुरखा किती पातळ आहे हे पुढच्या घटनेवरून दिसते. घरगुती ग्राहकांना सुरक्षा-दुरुस्त्यांची एका वर्षाची मुदतवाढ देताना कंपनीने ३० डॉलर मोजा, किंवा आपल्या यंत्राची मांडणी कंपनीच्या साठवणीत जमा करा, किंवा तिचे बक्षीस-गुण खर्चा, अशा अटी घातल्या. युरोपातील ग्राहक-संघटनांनी दबाव आणताच सप्टेंबर २०२५ मध्ये युरोपीय आर्थिक क्षेत्रापुरती ती मुदतवाढ विनामूल्य करण्यात आली. अर्थात ‘तांत्रिक कारण’ म्हणून जे सांगितले जाते, त्यातील बराच भाग संघटित शक्तीपुढे वितळतो.

हे तंत्र नवे नाही. १९२४ साली जिनिव्हा येथे विजेच्या दिव्यांच्या बड्या उत्पादकांनी ‘फीबस’ नावाचा संघ स्थापून दिव्याचे आयुष्य १,००० तासांवर आणून ठेवले आणि जास्त टिकणारे दिवे बनवणाऱ्या सभासदांना दंड ठोठावला. तेव्हा दिव्याची तार बदलावी लागे. आता तारेला हात लावायचेही कारण उरलेले नाही. सॉफ्टवेअरचा हात काढून घेतला की पुरते.

या व्यवहाराचे बिल कोण भरते? संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या जागतिक अहवालानुसार २०२२ मध्ये जगात ६ कोटी २० लाख टन इलेक्ट्रॉनिक कचरा निर्माण झाला आणि त्यातील केवळ २२.३ टक्के कचऱ्याचे रीतसर संकलन व पुनश्चक्रीकरण झाल्याची नोंद आहे. उरलेल्याचा मोठा हिस्सा जेथे पोहोचतो तेथील चित्र दिल्लीतील साथींना सीलमपूरच्या गल्ल्यांत रोज पाहायला मिळते. तारा जाळून तांबे काढणारे, आम्लात सर्किटचे पत्रे बुडवणारे हात कोणत्या वर्गाचे आहेत हे सांगायला नको. मोडीत निघणाऱ्या प्रत्येक धडधाकट संगणकाबरोबर एका शाळेचे, एका युनियन कार्यालयाचे किंवा एका वाचनालयाचे साधन जाते आणि एका भंगार-मजुराच्या फुप्फुसात धूर जातो. ‘हा आमचा प्रश्न नाही’ असे म्हणणाऱ्या साथींनी एवढे तरी ध्यानात घ्यावे.

चाचणीत नेमके काय होते?

मुक्त सॉफ्टवेअरचा पाया रिचर्ड स्टॉलमन यांच्या ‘ग्नू’ प्रकल्पाने १९८३ साली घातला. १९९१ साली हेलसिंकीतील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, जाहीर केला. त्यांवर उभ्या राहिलेल्या अनेक कार्यप्रणालींपैकी काही मुद्दाम कमी ताकदीच्या यंत्रांसाठी बांधल्या जातात. उबुंटू परिवारातील लुबुंटू, ग्रीसमध्ये उगम पावलेली अँटीएक्स आणि पपी लिनक्स ही त्यांतील परिचित नावे. लुबुंटू ज्या एलएक्सडीई या हलक्या पटलावर सुरू झाली, तो पटल २००६ साली तैवानमधील हाँग जेन यी यांनी लिहायला घेतला होता.

अशा कार्यप्रणालीची स्थापना-प्रत, जिला व्यवहारात आयएसओ म्हणतात, प्रसिद्धीच्या आधी रोज नव्याने तयार होते. स्वयंसेवक ती उतरवून घेतो. ज्याचे इंटरनेट तुटपुंजे आहे तो ‘झेडसिंक’ या साधनाने कालच्या प्रतीत बदललेला भागच तेवढा उतरवतो. मग बेरीज-खूण जुळवून प्रत अखंड उतरल्याची खात्री करायची, ती पेन ड्राइव्हवर चढवायची आणि यंत्र तिच्यावरून सुरू करायचे. त्यानंतर ठरलेल्या कसोट्या एकेक करून घ्यायच्या. संपूर्ण डिस्क पुसून स्थापना, आधीच्या कार्यप्रणालीशेजारी स्थापना, हाताने विभाग पाडून स्थापना, कूटबद्ध डिस्कवर स्थापना, इंटरनेट नसताना स्थापना. जुन्या बायोसवर एकदा, नव्या यूईएफआयवर पुन्हा. वाय-फाय पकडते का, आवाज येतो का, झाकण मिटून उघडल्यावर पडदा जागा होतो का, हे पाहायचे. प्रत्येक कसोटीचा निकाल नोंदवायचा. चुकले तर नेमके कोठे, कोणत्या यंत्रावर, पुन्हा केले तरी तसेच होते का, हे लिहायचे. प्रकाशनाच्या आठवड्यात एखादा गंभीर दोष निघाला की नवी प्रत तयार होते आणि आधीचे सारे निकाल रद्द होऊन काम पहिल्यापासून सुरू होते.

हा छंद नव्हे. गिरणीतील तपासनीस कापडाचा तागा उजेडात धरून जे काम करतो, तेच हे काम आहे. मालाच्या उपयोगमूल्याची हमी या श्रमांतून निर्माण होते. हे काम नीट न झाल्यास काय होते, याचे उदाहरण ताजे आहे. डिसेंबर २०१७ मध्ये उबुंटू १७.१० ची स्थापना-प्रत मागे घ्यावी लागली, कारण कर्नलमधील एका चालकामुळे लेनोवो आणि इतर काही लॅपटॉपांच्या बायोसचीच नासाडी होत होती. सुधारित प्रत येण्यास जानेवारी २०१८ उजाडला. असा दोष आभासी यंत्रावर कधीच सापडत नाही. तो सापडण्यासाठी कोणाच्या तरी टेबलावर ते विशिष्ट यंत्र असावे लागते आणि त्या माणसाने आपला वेळ देऊन त्यावर प्रत चढवावी लागते. कंपनीच्या प्रयोगशाळेत नवी यंत्रे असतात. जुनी यंत्रे असतात ती जनतेच्या घरात.

वगळले कोण गेले?

आता लुबुंटूचा इतिहास पाहू, कारण आपला मुद्दा त्यातून सर्वांत स्पष्टपणे सिद्ध होतो. ८ एप्रिल २०१४ रोजी विंडोज एक्सपीचे साहाय्य संपले आणि त्यानंतर नऊच दिवसांनी लुबुंटू १४.०४ प्रसिद्ध झाली. एक्सपीच्या असंख्य यंत्रांना हा नवा आसरा होता. पण त्याआधीच एक अडचण उभी राहिली होती. उबुंटू परिवाराने २०१२ च्या अखेरीस पीएई ही सुविधा असणाऱ्या प्रोसेसरवरच चालणारा कर्नल स्वीकारला होता. २००३ च्या सुमारास निघालेल्या पेंटियम एम प्रोसेसरांपैकी अनेकांत ही सुविधा प्रत्यक्षात होती, परंतु प्रोसेसर तसे जाहीर करीत नसे; म्हणून स्थापना सुरुवातीलाच नकार देऊन थांबे. अशी यंत्रे जवळ असलेल्या स्वयंसेवकांनी हे हेरले. आधी एक तात्पुरती युक्ती काढली आणि मग कर्नललाच ‘फोर्सपीएई’ हा पर्याय मिळवून दिला. २०१४ च्या प्रतींत तो आला आणि कागदोपत्री मृत ठरलेले कितीतरी लॅपटॉप पुन्हा चालू लागले. हे कोणा संचालक मंडळाच्या कृपेने घडले नाही. ज्यांच्या हातात ती यंत्रे होती, त्यांनी ते घडवले.

याच इतिहासाची दुसरी बाजू तितकीच बोलकी आहे. २०१७ मध्ये उबुंटूच्या मुख्य आवृत्तीने ३२-बिट प्रती काढणे थांबवले. लुबुंटू आणि झुबुंटूच्या स्वयंसेवी मंडळांनी त्या पुढे चालू ठेवल्या. परंतु डिसेंबर २०१८ मध्ये त्यांनीही १९.०४ पासून त्या बंद करण्याचा निर्णय घेतला. जी थोडी माणसे होती, ती दोन प्रकारच्या यंत्रांत वाटून पुरणारी नव्हती. २०१८ च्या जानेवारीत प्रोसेसरांमधील ‘मेल्टडाउन’ नावाचा सुरक्षादोष उघड झाला, तेव्हा ६४-बिट यंत्रांसाठी कर्नलमधील बचाव त्याच महिन्यात तयार झाला. ३२-बिट यंत्रांसाठीचा बचाव कर्नलच्या ४.१९ या आवृत्तीत, म्हणजे ऑक्टोबरात आला. गरिबाचे यंत्र रांगेत शेवटी उभे असते, हा न्याय सॉफ्टवेअरलाही लागू आहे.

आणि जून २०१९ मध्ये काय घडले? उबुंटूची मालक असलेल्या कॅनॉनिकल कंपनीने ३२-बिट पॅकेजेसच पूर्णपणे काढून टाकण्याची घोषणा केली. संगणकीय खेळांचा ‘स्टीम’ हा बाजार चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीकडून लगेच इशारा आला की पुढील उबुंटूवर स्टीमला अधिकृत साहाय्य मिळणार नाही. आठवड्याच्या आत कॅनॉनिकलने माघार घेतली आणि निवडक ३२-बिट पॅकेजेस राखण्याचे मान्य केले. ही पॅकेजेस नव्या ६४-बिट यंत्रांवर जुने खेळ चालवण्यासाठी होती. जुन्या यंत्रांना त्यातून स्थापना-प्रत परत मिळाली नाही. खेळांच्या व्यापाऱ्याचा शब्द सात दिवसांत ऐकला गेला. जुन्या लॅपटॉपवर शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या बाजूने बोलणारा कोणी बडा व्यापारी नव्हता आणि त्यांची संघटनाही नव्हती.

येथे सोपा निष्कर्ष काढण्याचा मोह होईल की दोष फक्त कंपनीचा आहे. तो मोह टाळला पाहिजे. डेबियन ही १९९३ साली सुरू झालेली कार्यप्रणाली कोणत्याही कंपनीच्या मालकीची नाही. तिची लेखी घटना आहे, तिचा नेता दरवर्षी निवडून येतो आणि मोठे प्रश्न मतदानाने सुटतात. २०२२ साली स्थापना-प्रतींत अमुक्त फर्मवेअर घ्यावे की नाही, हा तत्त्वाचा प्रश्न तिने मतदानानेच सोडवला. तरीही ऑगस्ट २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेबियन १३ मध्ये ३२-बिट पीसीसाठी कर्नल नाही आणि स्थापना-प्रतही नाही. लोकशाही होती, पण हात नव्हते. ज्या प्रकल्पांवर डेबियन उभी आहे, त्यांपैकी अनेकांनी आपापल्या परीने ३२-बिटची साथ आधीच सोडलेली होती. लोकशाही रचनेतही ज्या कामाला श्रमशक्ती मिळत नाही ते काम होत नाही, एवढा साधा भौतिकवादी धडा यातून घ्यायचा आहे.

आक्षेपांची तपासणी

फुकटच्या श्रमांचा आक्षेप घेणाऱ्या साथींच्या मुद्द्यात तथ्य नाही असे नाही. आयबीएमने २०१९ मध्ये रेड हॅट कंपनी ३,४०० कोटी डॉलरना विकत घेतली. त्या किमतीत असंख्य बिनपगारी हातांचे श्रम मुरलेले होते. पुढच्याच वर्षी सेंटओएस ८ चे २०२९ पर्यंत मिळणारे साहाय्य २०२१ च्या अखेरीस संपवण्याचा निर्णय जाहीर झाला आणि तिच्यावर विसंबलेल्या समुदायाला तो मुकाट ऐकून घ्यावा लागला. श्रम सामाजिक, निर्णय खासगी, हा भांडवलशाहीचा मूलभूत अंतर्विरोध मुक्त सॉफ्टवेअरच्या क्षेत्रातही जिवंत आहे. उदारमतवादी पंडितांची ‘देणगीची अर्थव्यवस्था’ येथे उघडी पडते.

परंतु या साथींना अर्धेच दिसते. ग्नूच्या सार्वजनिक परवान्याने या श्रमांचे फळ कायद्याने सामाईक ठेवले आहे. सेंटओएस गेली, तेव्हा तिच्या जागी काही महिन्यांत रॉकी लिनक्स आणि अल्मालिनक्स उभ्या राहिल्या, कारण मूळ संहिता कोणालाही कुलूपबंद करता आली नाही. विंडोज १० च्या वापरकर्त्यांनी कितीही संघटना बांधली तरी त्यांना ती संहिता हाती घेऊन पुढे चालवता येणार नाही. दोन्हीकडे शोषण आहे असे म्हणून हात झटकणे म्हणजे गायरान आणि जमीनदाराचे शेत यांत फरक न करणे होय. गायरानात सावकाराची गुरे शिरतात हे खरे. पण त्यावर उपाय गायरान सोडून जाणे हा नव्हे, ते राखणे हा आहे.

हे काम केवळ कंपन्यांच्या आश्रयाने होते, हेही खरे नाही. अँटीएक्सचा संस्थापक स्वतःला ‘अँटीकॅपिटलिस्टा’ म्हणवतो आणि ही कार्यप्रणाली आपली फॅसिस्टविरोधी भूमिका अभिमानाने मिरवते. २०२१ च्या आवृत्तीला तिने तुर्कस्तानातील छळ सोसलेल्या ‘ग्रुप योरुम’ या क्रांतिकारी वाद्यवृंदाचे नाव दिले आणि २०२३ च्या आवृत्तीला मुसोलिनीच्या टोळ्यांशी रस्त्यावर लढलेल्या इटालियन श्रमिकांच्या ‘आर्दिती देल पोपोलो’ या दलाचे. दोन्ही आवृत्त्या ३२-बिट यंत्रांसाठीही निघाल्या. मोठ्या कंपन्यांनी आणि संस्थांनी सोडलेली यंत्रे एका छोट्या गटाने चालती ठेवली, कारण ती चालती राहणे हा त्यांनी राजकीय प्रश्न मानला.

एक आक्षेप मात्र गांभीर्याने घेतला पाहिजे. जुन्या साधनाला कवटाळणे ही प्रगती नव्हे, असे म्हटले जाते. ते योग्यच आहे. २००४ सालचा पेंटियम ४ शंभर वॉटच्या आसपास वीज एकट्या प्रोसेसरवर जाळतो. आजची छोटी यंत्रे तेच काम त्याच्या कित्येक पट कमी विजेत करतात. प्रत्येक डबडे वाचवलेच पाहिजे, असा हट्ट कोणी धरलेला नाही. पटल कितीही हलका केला तरी ब्राउझर आणि आजची अवजड संकेतस्थळे हलकी होत नाहीत, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. १ जीबी रॅममध्ये लिहिणे, वाचणे, हिशेब ठेवणे होते. दहा पाने एकदम उघडली की यंत्र गुडघे टेकते. पण ज्या यंत्रांचा प्रश्न आज ऐरणीवर आहे, ती यंत्रे बव्हंशी २००८ ते २०१७ या काळातील ६४-बिट यंत्रे आहेत, २ ते ८ जीबी रॅमची. ती म्हातारी नाहीत, निवृत्त केलेली आहेत. ३२-बिटचा इतिहास सांगायचा तो त्यांच्यासाठी. त्यांचीही पाळी येणार आहे आणि तेव्हा ती तपासायला कोण उभे राहते, यावर त्यांचे भवितव्य ठरेल.

शेतकऱ्यांचा रफार

या प्रश्नाला आपल्याशी थेट जोडणारा आणखी एक धागा आहे आणि अनुवादाच्या कामामुळे तो प्रस्तुत लेखकाच्या रोजच्या अनुभवाचा आहे. या विभागातील टेबलावरचा संगणक २०१० साली घेतलेला, २ जीबी रॅमचा. तो दुरुस्तीला नेला असता दुकानदाराने न उघडताच ‘भंगारात द्या’ असा निकाल दिला. हलकी लिनक्स बसवल्यानंतर तो आजही चालतो आणि हा लेख त्याच्यावरच टंकलिखित झाला आहे. मात्र नवी आवृत्ती येण्यापूर्वी तिची चाचणी-प्रत त्यावर चढवून पाहिली, तेव्हा एक दोष ध्यानात आला. मेनूमध्ये आणि मजकुरात ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द ‘शेतकर्यांना’ असा उमटत होता.

मराठी वाचकाला याचा अर्थ सांगायला नको. ‘आचाऱ्यांना’ म्हणजे स्वयंपाक्यांना आणि ‘आचार्यांना’ म्हणजे गुरुजनांना. ‘दऱ्या’ डोंगरात असतात आणि ‘दर्या’ किनाऱ्याशी. हा आडवा रफार हिंदीत लागत नाही, म्हणून हिंदी तपासनीसाच्या डोळ्याला यात काहीच वावगे दिसत नाही. तेच मराठी वळणाच्या ‘ल’ आणि ‘श’चे, तेच ‘ॲ’चे. ‘ॲ’ला तर युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८ साली मिळाली. देवनागरी चालते एवढ्या शेऱ्यावर कसोटी उत्तीर्ण होते आणि मराठी मात्र अनुत्तीर्ण राहते. शेतकऱ्यांची, कष्टकऱ्यांची, कर्मचाऱ्यांची बाजू मांडणाऱ्या पत्राला हे तीनही शब्द नीट छापता येऊ नयेत, यापरता उपहास कोणता? दोष नोंदवायला अर्धा तास लागला. तो आधी कोणी नोंदवला नव्हता, कारण त्या कसोटीला मराठी लिहिणारे कोणी बसलेच नव्हते.

जुने यंत्र आणि दुर्लक्षित भाषा यांची गत एकच आहे. दोघांनाही बाजारात किंमत नाही, म्हणून दोघांची चाचणी होत नाही. चाचणी होत नाही, म्हणून दोष राहतात. दोष राहतात, म्हणून वापर घटतो. आणि मग घटलेल्या वापराचा आकडा दाखवून दोघांनाही वगळण्यात येते. हे दुष्टचक्र बाजार तोडणार नाही.

आपले काम

ते तोडता येते याचा दाखला आपल्या देशातच आहे. केरळमध्ये २००१ साली सुरू झालेला ‘आयटी ॲट स्कूल’ प्रकल्प पुढे मुक्त सॉफ्टवेअरवर उभा राहिला आणि २०१७ पासून ‘काइट’ या सरकारी संस्थेच्या रूपाने चालू लागला. तेथील सरकारी शाळांतील शिक्षक आणि विद्यार्थी उबुंटूवर आधारलेली, मल्याळममध्ये चालणारी कार्यप्रणाली वापरत आले आहेत. कोणत्याही कंपनीने देणगीदाखल दिलेली ही गोष्ट नव्हे. शासनाचे धोरण आणि शिक्षकांचा आग्रह यांतून ती उभी राहिली. सी-डॅकने २००७ साली डेबियनच्या आधारे ‘बॉस’ ही भारतीय भाषांची कार्यप्रणाली काढली. ज्ञान आहे, माणसे आहेत. नाही ती या कामाला सार्वजनिक काम मानण्याची वृत्ती.

म्हणून आपली मागणी दुहेरी असली पाहिजे. एकीकडे शासनाकडे मागणी: सरकारी कचेऱ्या, शाळा, बँका आणि विमा-संस्था यांतून निघणारा प्रत्येक संगणक लिलावात काढण्यापूर्वी मुक्त कार्यप्रणालीवर तपासला गेला पाहिजे, ही तपासणी करणाऱ्यांना वेतन मिळाले पाहिजे, आणि सार्वजनिक पैशातून झालेल्या चाचण्यांचे निकाल सर्वांना खुले असले पाहिजेत. स्वयंसेवा हा वेतनाला पर्याय नाही. जे काम समाजाला रोज लागते, ते कोणाच्या सुटीच्या दिवसावर सोडून देणे हा त्या कामाचा आणि त्या माणसाचा अवमान आहे.

दुसरीकडे, शासन जागे होईपर्यंत हात बांधून बसता येणार नाही. इंदूर असो, हैदराबाद असो, बडोदे, दिल्ली किंवा नागपूर असो, आपल्या प्रत्येक कार्यालयात एखादे तरी निवृत्त केलेले यंत्र धूळ खात पडलेले आहे. आवृत्ती निघण्याच्या आधीच्या आठवड्यात त्यावर स्थापना-प्रत चढवावी. मराठी निवडून स्थापना करावी. ‘शेतकऱ्यांना’, ‘कर्मचाऱ्यांना’, ‘ॲल्युमिनियम’ लिहून पाहावे, छापून पाहावे. चुकले तर नोंदवावे आणि बरोबर आले तरी नोंदवावे, कारण ‘या यंत्रावर, या भाषेत चालते’ ही नोंदच पुढच्या वर्षी त्या यंत्राला वगळण्याच्या ठरावाविरुद्धचा पुरावा असते. विद्यार्थी आघाडीने आणि बँक व विमा कर्मचाऱ्यांतील साथींनी यात पुढाकार घ्यावा. त्यांच्याकडे यंत्रेही आहेत आणि ज्ञानही.

एक माणूस एका संध्याकाळी दोन कसोट्या पुऱ्या करू शकतो. ही क्रांती नव्हे आणि कोणी तसा दावाही करू नये. पण कोणते साधन जगेल आणि कोणते मरेल, हा निर्णय मालकाच्या दिनदर्शिकेतून काढून वापरणाऱ्यांच्या हाती आणण्याचे काम अशा संध्याकाळींतूनच सुरू होते. आपण ज्या यंत्रावर लिहितो ते आपण तपासले नाही, तर ते कालबाह्य झाले हे आपल्याला दुसरा कोणीतरी सांगेल आणि तेव्हा आपल्याजवळ प्रतिवाद करायला एक नोंदही नसेल.